विद्यापीठाचा ठेवा कसा सांभाळावा (म्हणजे कुणाच्या हाती लागणार नाही)

उद्या एखादं मोठं विद्यापीठ तुमच्या ताब्यात आलंच, तर आधी एक काळजी घ्या. ग्रंथालयं आणि वस्तुसंग्रहालयं चुकूनही एका छत्राखाली आणू नका. ऑक्सफर्डनं हा वेडेपणा केलाय. तिथं बॉडलियन ग्रंथालयं, कला-पुराणवस्तूंचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय, निसर्गेतिहास संग्रहालय, मानववंशशास्त्राचं पिट रिव्हर्स संग्रहालय, इतकंच काय, वनस्पती उद्यानसुद्धा एकाच मोठ्या विभागात घातलंय. अशानं एखादी वस्तू सापडली नाही तर जाब कुणाला विचारायचा हे कुणालाही कळेल की!

तुम्ही असं करा. मध्यवर्ती ग्रंथालय कुलसचिवांकडे, विभागांची ग्रंथालयं विभागप्रमुखांकडे, पुराणवस्तू इतिहासवाल्यांकडे, आणि खडकांचे नमुने ज्याच्या खोलीत रिकामं कपाट असेल त्याच्याकडे.

सल्लागार समिती मात्र हवीच. बैठक नको.

ग्रंथपाल निवृत्त झाले की जागा भरायची घाई नको, प्रभारी नेमा. प्रभारी माणूस सही करतो, निर्णय घेत नाही. आणि काही विचारलं की ‘माझ्याकडे फक्त कार्यभार आहे’ असं नम्रपणे सांगतो. त्याच्यावर रागावताही येत नाही.

पुस्तकांची वार्षिक पडताळणी परीक्षेच्या तोंडावर काढा.

आता सूचीबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण खरी कला इथं आहे. ग्रंथालयाची सूची वेगळी ठेवा, संग्रहालयाची नोंदवही वेगळी, आणि दोघींची कधी गाठ पडू देऊ नका. परवाच या कलेचा प्रसाद मला मिळाला. एका जुन्या भूमापन अहवालाला जोडलेला नकाशा पाहायचा होता. सूचीत स्पष्ट लिहिलेलं, ‘नकाशासह’. अहवाल आला. शेवटी बांधणीत नकाशाची बोटभर रुंद पट्टी तेवढी उरलेली, कडा कातरीनं सरळ कापलेली, आणि पट्टीवर पेन्सिलीनं एकच शब्द: ‘संग्रहालय’. क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. संग्रहालयात गेलो तर तिथले म्हणाले, नकाशा म्हणजे कागद, कागद म्हणजे ग्रंथालय. ग्रंथालय म्हणालं, आमच्याकडून गेलाय, आता तो ‘वस्तू’ आहे. वस्तू कुठल्या दाखल क्रमांकावर आहे? ते संग्रहालय सांगेल. संग्रहालयात शोधायचा कसा? दाखल क्रमांक द्या, लगेच काढून देतो. मग अर्ज लिहा. अर्ज कुणाच्या नावे? दोघांच्याही नाही, वर पाठवा. वर कोण आहे? प्रभारी! म्हणजे नकाशा विद्यापीठातच आहे, जळाला नाही, चोरीला गेला नाही, कसर लागली नाही, आणि तरी तो जगात कुणालाही दिसू शकत नाही. वाळवीला हे जमलं नसतं. ती निदान भुसा मागे ठेवते.

कुणी कुरकुर केलीच तर बॉडलियनचा दाखला तोंडावर फेका. १६४५ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सनं पुस्तक मागवलं, तर ग्रंथपाल जॉन राउसनं त्यालाही नकार दिला. बघा, आम्हीही त्याच परंपरेतले! फक्त एवढं सांगू नका, की तिथला नियम पुस्तक बाहेर न नेण्याचा होता. आत बसून वाचायला राजालाही मुभा होती आणि अभ्यासकालाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची तसबीर लावायला विसरू नका. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते. त्यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच म्हणतं, ग्रंथ उपयोगासाठी असतात; चौथं म्हणतं, वाचकाचा वेळ वाचवा. तसबीर जरा उंच लावा, म्हणजे खालची सूत्रं वाचता येणार नाहीत.

आणि ‘जीर्ण’ हा शिक्का कायम हाताशी ठेवा. जीर्ण म्हटलं की निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी; निर्लेखन म्हटलं की रद्दी. अ‍ॅशमोलियनमधला पेंढा भरलेला डोडो पक्षी कुजला म्हणून १७५५ मध्ये असाच काढून टाकला. तोवर जगात एकही डोडो उरलेला नव्हता. डोकं आणि एक पाय तेवढा वाचला, आणि अडीचशे वर्षांनी त्यातूनच डीएनए मिळाला. म्हणजे त्या काळीही कुणी तरी दोन तुकडे बाजूला ठेवण्याइतकं शुद्धीवर होतं. तुमच्याकडे कोण आहे?

नाही, खरंच विचारतोय, कोण आहे? कातर चालवणारा हात तुमचाच ना? मग कापण्याआधी दोन्ही वह्यांत एकेक ओळ लिहायला काय धाड भरली होती? इमारतीला नवा रंग देता, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फीत कापता, अहवालात ‘समृद्ध वारसा’ म्हणून फोटो छापता, आणि त्या वारशातला एक कागद मागितला तर एकमेकांकडे बोट दाखवता! पगार राखणीचा घेता ना? मग राखा. ग्रंथालय असो की संग्रहालय, सूची एकच करा, ती लोकांना बघू द्या, आणि उत्तर द्यायला बांधील अशा एका माणसाचं नाव दारावर लावा. प्रभारी नको. पूर्ण वेळाचा, शिकलेला माणूस. आणि आधी तो नकाशा शोधून काढा.