‘खोटी माहिती देऊन पैसे घेतात’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

शनिवारी मसाई पठारावर आमच्या आकाशदर्शनाला घरच्यांना घेऊन आलात, आभारी आहे. साडेसातचा कार्यक्रम सव्वाआठला सुरू झाला आणि झुणका गार होता, दोन्ही खरं आहे. माफी मागतो. सामानाचा टेम्पो वाघबीळला बंद पडला होता, पण ती काही तुमची चूक नाही.

मात्र व्याध आणि राजन्य या दोन ताऱ्यांबद्दलचं तुमचं "व्याधापेक्षा राजन्य तेजस्वी असं ठोकून देतात, शाळेतल्या पोरालाही कळतं व्याध सगळ्यात चमकदार आहे, हे सातशे रुपये घेऊन खोटं शिकवतात" हे वाचून रात्री झोप लागली नाही. उशीर झाला म्हणा, ऐकून घेईन. खोटं बोललो म्हणू नका.

रात्री सगळ्यात ठळक दिसतो तो व्याधच, हे मी आधी सांगितलं होतं. पुढचं वाक्य होतं, "पण त्याचं कारण तो जवळ आहे." ते होईपर्यंत तुमचा फोन वाजला. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. मृगाच्या पायाशी निळसर दिसतो तो राजन्य साधारण ८६० वर, म्हणजे शंभरपट लांब. तुम्ही पाहिलात तो उजेड तिथून निघाला तेव्हा कोल्हापुरात शिलाहारांचं राज्य होतं! आणि अंतर शंभरपट झालं की उजेड शंभरपट नाही, दहा हजारपट कमी पोचतो. एवढं होऊनही राजन्य पहिल्या दहा ठळक ताऱ्यांत आहे. मग त्याचा मूळ उजेड किती असेल सांगा. व्याधाचा सूर्याच्या २५ पट, याचा लाखभर पट धरतात. राजन्य उचलून व्याधाच्या जागी ठेवला तर एका ठिपक्यातून अर्ध्या चंद्राएवढा उजेड पडेल.

टॉर्चच्या प्रयोगाला तुम्ही पोरखेळ म्हणालात. दहा पावलांवर एक टॉर्च, वीस पावलांवर तसलाच दुसरा. दुसरा निम्मा नाही, पावच दिसतो, कारण तोच उजेड आडवाही दुप्पट पसरतो आणि उभाही. वीस पावलांवर चार टॉर्च एकत्र धरले तेव्हा कुठे जोड जमली. तुमची मुलगी माझ्या शेजारीच होती, "आता सेम!" म्हणून ओरडली. तुम्ही तेव्हा गाडीत चार्जर शोधत होता आणि हेडलाइट दोनदा लागले. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, ती सगळ्यांची गेली. मी तेव्हा काही बोललो नाही, पाहुण्याला काय बोलायचं.

दुर्बिणीतूनही तारा ठिपकाच दिसला, हीसुद्धा तक्रार आहे. आमच्या आठ इंचीतून तारा ठिपकाच दिसणार, इतके ते लांब आहेत. मृगातला तेजोमेघ दाखवला, त्याचा रिव्ह्यूत एक शब्द नाही.

दिवसा मी उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करतो. दुर्बीण पतसंस्थेच्या कर्जावर घेतलीय, अकरा हप्ते राहिलेत. तुमचा रिव्ह्यू वाचून एका शाळेनं रविवारचं बुकिंग थांबवलंय. तुम्हाला दोष देत नाही, फक्त सांगतोय.

वेळेचं आम्ही बघतो. जेवणाचंही काहीतरी करतो, आणि अंतरांचा एक कागद छापून हातात देता येतो का तेही बघू. येत्या अमावस्येला या, मुलांचे पैसे घेणार नाही. हेडलाइटचं तेवढं बघा.

आणि मुलीची निळी पाण्याची बाटली चटईवर राहिली होती. दुकानात ठेवलीय, संध्याकाळी सातपर्यंत कधीही घेऊन जा.