तळटीपा काढून टाका, म्हणे

नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांवरचा माझा प्रबंध तिसऱ्यांदा परत आला आहे. या वेळी शेरा एवढाच आहे की, ‘सर्व तळटीपा काढून संदर्भ कंसात, आडनाव व वर्ष या पद्धतीने द्यावेत, सर्व विभागांना एकच नियम लागू आहे.’ हा नियम करणाऱ्यांपैकी एकानेही इतिहासाचा एखादा लेख तळटिपांसह शेवटपर्यंत वाचला असेल, यावर माझा विश्वास नाही.

लेणे क्रमांक ३ मधील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख तिचा नातू राजा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी केलेले त्याचे वाचन १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे, आणि पुढे फ्रेंच विद्वान सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात तोच लेख पुन्हा संपादित केला. झिजलेल्या दगडावरचे एखादे अक्षर कोणी कसे लावले यावर प्रदेशाचे नाव ठरते, आणि प्रदेशाच्या नावावर राज्याची सीमा. म्हणून मला तळटिपेत ओळ आणि पृष्ठ सांगावे लागते, कोणाचे वाचन स्वीकारले आणि का, हेही तिथेच लिहावे लागते. ‘(सेनार, १९०५)’ एवढ्याने यातले काय कळते? तो वाद मुख्य मजकुरात ओढला, तर पुढचे परीक्षक प्रकरण पसरट झाले म्हणून ओरडणार!

माझा मामेभाऊ अभियांत्रिकीत संशोधन करतो. तो चौकटी कंसात ‘[३]–[९]’ असे लिहून सात शोधनिबंध एका दमात सांगतो, आणि त्याच्या क्षेत्रात ते योग्यच आहे, कारण तिथल्या वाचकाला निष्कर्ष आधी सिद्ध झाला आहे एवढेच कळायला हवे असते. त्याच्यावर कोणी माझ्या तळटिपा लादल्या, तर मी त्याच्याही बाजूने भांडेन. भाषाभ्यासक केन हायलंड यांनी १९९९ मध्ये आठ विद्याशाखांतील ८० शोधनिबंध तपासून हा फरक दाखवून दिला आहे: तत्त्वज्ञ पूर्वसुरींचे ‘म्हणणे’ आणि ‘प्रतिपादन’ नोंदवतात, अभियंते मात्र ‘अहवाल दिला’, ‘दाखवले’ अशी क्रियापदे वापरतात, आणि विज्ञानातील निबंधांत थेट अवतरणे जवळजवळ नसतातच. म्हणजे संदर्भ कसा द्यावा यातून त्या शाखेत ज्ञान कसे उभे राहते ते दिसते, आणि ते सगळे एका परिपत्रकाने सपाट करायचे ठरले आहे.

सर्वांत जास्त संताप मला भाषेच्या दुरुस्त्यांचा येतो. मी ‘सेनार असे सुचवतात’ लिहिले होते, कारण त्यांनी ते सुचवलेच आहे; तपासणाऱ्याने ते खोडून ‘सेनार यांनी सिद्ध केले आहे’ असे केले. एका विद्वानाने जपून केलेले विधान माझ्या नावाखाली खात्रीचे होऊन छापले जाणार, आणि उद्या कोणी विचारले तर उत्तर मी द्यायचे!

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तर शिलालेखाचा मूळ प्राकृत पाठच उचलेगिरी ठरवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजणीतून वगळायचा आहे आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तरीही मला तो पाठ ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहायला सांगण्यात आले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कोरलेला लेख मी माझ्या शब्दांत कसा लिहू?

सोमवारी मी प्रबंध सर्व तळटिपांसह, ‘सुचवतात’ हे क्रियापद जागेवर ठेवून पुन्हा दाखल करणार आहे, आणि सोबत माझ्या विषयाची संदर्भपद्धती मान्य करण्याची लेखी मागणीही जोडणार आहे.