वाळवंटात पूर आला म्हणजे पाऊस कृत्रिमच? फिरत्या संदेशातल्या दाव्यांना उत्तर

पुराच्या बातम्या सुरू झाल्या की एक संदेश हमखास फिरतो. त्याचा सारांश असा : पूर जिथे पाऊस जास्त तिथेच येतो, म्हणून वाळवंटातले पूर हे कृत्रिम पावसाचे प्रताप, मोसमी पाऊस एकट्या भारताला मिळतो, तोही जमीन तापते आणि हिमालय ढग अडवतो म्हणून, आणि ‘शंभर वर्षांतला’ पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त. शेवटचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून लोक नदीपात्राला खेटून घरे बांधतात.

‘जिथे पाऊस जास्त, तिथेच पूर’

कैरोत वर्षभरात जेमतेम 25 मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही आस्वानचे मोठे धरण होईपर्यंत नाईल तिथे दर उन्हाळ्याच्या अखेरीस दुथडी भरून वाहायची. ते पाणी इथिओपियाच्या डोंगराळ भागातल्या पावसाचे. उलट मेघालयातल्या मौसिनराममध्ये वर्षाला सरासरी 11,800 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, पण तिथला तीव्र उतार पाणी थांबू देत नाही. ते खाली बांगलादेशातल्या सिल्हेटच्या सपाटीवर जाऊन पसरते.

वर्षभराच्या आकड्यावरून पूर कळत नाही. पाणी किती वेगाने येते आणि किती वेगाने निघून जाते, यावर सगळे ठरते. हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटर भागावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे तासाला 50,000 घनमीटर, अर्थात सेकंदाला सुमारे 14 घनमीटर पाणी. जमीन गवताळ आणि मुरमाड असेल, तर त्यातले पाचवा हिस्सा, म्हणजे तीनएक घनमीटर वाहते. तोच भाग काँक्रीटने झाकला की नव्वद टक्के, म्हणजे साडेबारा घनमीटर वाहते. एक मीटर व्यासाची वाहिनी, पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला तर, दीड घनमीटरच नेते. म्हणजे अशा आठ वाहिन्या हव्यात, त्याही गाळ न साचलेल्या. त्यातच वाहिनीचे तोंड भरतीच्या किंवा नदीच्या फुगलेल्या पाण्याखाली गेले की फुगवटा उलटा चढतो आणि झाकणांतून पाणी रस्त्यावर येते. पाऊस थांबूनही पाणी ओसरत नाही, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

‘वाळवंटातला पूर म्हणजे कृत्रिम पाऊस’

16 एप्रिल 2024 रोजी संयुक्त अरब अमिरातीत खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि हा दावा जगभर पसरला. कृत्रिम पावसासाठी ढगांत कण पेरतात, त्याला बीजन म्हणतात. ते करताना विमानातून पाणी शोषून घेणाऱ्या मिठाचे काही किलो कण ढगात सोडतात. त्याने ढग तयार होत नाही. आधीच असलेल्या ढगातून थोडा अधिक पाऊस मिळावा, एवढाच हेतू असतो. एक हजार चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी टन पाणी. एवढे बाष्प समुद्रावरूनच यावे लागते. या वादळाचा अंदाज आधीच वर्तवला गेला होता आणि शेजारच्या ओमानमध्ये दोन दिवस आधीच पुराने बळी घेतले होते.

मग कोरड्या प्रदेशात पाणी एवढे का चढते? झाडोरा विरळ, मातीवर कडक पापुद्रा आणि वस्ती कोरड्या ओढ्यांच्या पात्रातच. सप्टेंबर 2023 मध्ये लिबियात डॅनियल वादळाने अल बायदा इथे 24 तासांत 414 मिलिमीटर पाऊस पाडला. देर्ना शहराच्या वरची दोन धरणे रात्रीतून फुटली आणि हजारो माणसे वाहून गेली. तिथे पावसाइतकाच धरणांच्या दुरवस्थेचाही दोष होता.

‘मोसमी पाऊस फक्त भारतात’

पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग इथेही मोसमी पाऊस आहे. जमीन तापणे ही फक्त सुरुवात. नुसत्या तापण्याने पाऊस आला असता, तर जुलैत सहारा न्हाऊन निघाला असता. पाऊस पडतो तो त्याच्या दक्षिणेला, कमी तापलेल्या साहेल पट्ट्यात. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग सरकतो, त्याच्याकडे बाष्पाने भरलेले वारे ओढले जातात आणि बाष्पाचे पाणी होताना किलोमागे सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते. ही उष्णताच हवेला आणखी वर उचलते.

हिमालयाचे महत्त्व मात्र खरे आहे. तो ढगांना वर चढवून पाऊस पाडतो आणि उत्तरेची थंड, कोरडी हवाही रोखून धरतो.

‘आता शंभर वर्षे काळजी नाही’

‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. काल येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्याला तो किमान एकदा पाहावा लागण्याची शक्यता 26 टक्के असते. जर्मनीतल्या कोलोनमध्ये ऱ्हाइन नदी डिसेंबर 1993 मध्ये 10.63 मीटरवर गेली आणि तो शतकातला पूर म्हणून गाजला. जानेवारी 1995 मध्ये ती 10.69 मीटरवर पोहोचली.

शिवाय हा टक्का जुन्या नोंदींवरून काढतात. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, त्यामुळे जुन्या नोंदी आजच्या सरींना पुऱ्या पडत नाहीत. पूररेषेचा नकाशा हाती घेतला की तो कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवर काढला आहे, हे आधी पाहावे. त्यानंतर वरच्या अंगाला बांध किंवा मोठी वसाहत झाली असेल, तर ती रेषा पुन्हा आखून घ्यावी लागते.