म्हातारी घरी नव्हती

मुंबईला जायचं म्हणजे रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी सीएसएमटीला डोळे चोळत उतरायचं, हे आम्हा सोलापूरकरांच्या अंगात मुरलंय. २०२३ पासून वंदे भारत आहे, चकाचक आहे, पण चार वर्षांच्या मुलीला दिवसाढवळ्या इतके तास खुर्चीत बसवून दाखवा, मग बोलू. तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रात्रीच्याच गाडीनं निघालो. मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांचा थोरला आणि ही धाकटी. निमित्त नात्यातल्या साखरपुड्याचं होतं. मुलांना मात्र एवढंच सांगितलेलं की म्हातारीचा बूट बघायला चाललोय.

खरं तर मुलांपेक्षा सासूबाईंनाच जास्त घाई होती. त्या पाचवीत असताना शाळेची सहल मुंबईला गेली होती. वडील मागावर कामाला, घरात पाच भावंडं, सहलीचे पैसे मागायची सोयच नव्हती. मैत्रिणी परत आल्या त्या बुटाचंच वर्णन करत. आत जिना आहे, वर खिडकी आहे, बागेतनं समुद्र दिसतो. एवढ्या तीन वाक्यांवर बाईंनी पंचावन्न वर्षं काढली.

बुटाकडे जायच्या आधी गेल्या उन्हाळ्यातलं एक दुखणं सांगून टाकते, नाहीतर मला चैन पडायचं नाही. हायवेवरचं एक परीकथा पार्क. नाव लिहीत नाही, गेलेल्यांना कळेलच. गेटवर पिशव्या तपासल्या आणि शेंगापोळ्यांचा डबा बाहेर ठेवायला लावला. आत राजवाडा, राजवाड्याच्या पोटात पिझ्झाचं काउंटर. सात बुटके होते, त्यातल्या एकाचं नाक पडलेलं आणि दुसऱ्याच्या टोपीत चहाचे कप कोंबलेले. राक्षस म्हणे बटण दाबलं की हसतो. बटणावर चिकटपट्टी. आणि सगळ्यावर कळस म्हणजे कानठळ्या बसवणारा डीजे, ज्याचा कुठल्याच परीशी काही संबंध नव्हता. धाकटीनं त्या दिवशी मनापासून पाहिली ती फक्त मांजरीची पिल्लं, तिकीटखिडकीच्या मागं घातलेली. दीड तास तिथून हलली नाही. घरी आल्यावर थोरल्यानं शेजारच्या पोराला सांगितलं, "काय नव्हतं बे तिथं. नुसतं फोटो काढायचं." ह्याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही.

त्यामुळे मलबार हिलवर टॅक्सीतनं उतरताना माझा जीव थोडा खालीवरच होता. कमला नेहरू पार्क १९५२ सालचं. रस्ता ओलांडला की हँगिंग गार्डन, तेही पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलेलं. (थोरल्याला ही टाकीची गोष्ट बुटापेक्षा जास्त आवडली. जमिनीला कान लावून पाणी ऐकू येतं का बघत होता. पोरगा इंजिनिअर तरी होणार नाहीतर चोर.) बूट दिसला आणि मी मनात म्हटलं, एवढासाच? मोठ्या माणसाला तो एवढासाच दिसतो. धाकटी मात्र थबकली आणि हळू आवाजात म्हणाली, "केवढा पाय असेल!"

आता गंमत अशी, की थोरला इंग्रजी शाळेत जातो. बुटात राहणाऱ्या म्हातारीचं इंग्रजी बडबडगीत त्याला पाठ आहे. हा बूट त्या गाण्यावरूनच आलेला. तिला इतकी मुलं, इतकी मुलं की काय करावं सुचेना. शेवटी ती सगळ्यांना फटके देऊन झोपवते, हा भाग तो फार आनंदानं म्हणतो. धाकटी अजून त्या शाळेत पोचायची आहे. ती आज्जीच्या कुशीतल्या गोष्टींवर वाढलेली. तिच्यासाठी जगात म्हातारी एकच.

ती धावत जिना चढली, वरच्या खिडकीतून डोकं काढलं आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं ओरडली, "आज्जीऽऽ, म्हातारी घरी नाहीये!"

सासूबाई खाली उभ्या. पंचावन्न वर्षं ज्या जिन्याची वाट पाहिली तो समोर होता, पण गुडघे आता त्या जिन्याच्या लायकीचे राहिले नाहीत असं म्हणून त्या आत गेल्याच नव्हत्या. जराही न अडखळता त्यांनी खालून उत्तर दिलं, "नसणारच की! लेकीकडं गेलीय. तूपरोटी खायला."

"मग कधी येणार?"

"जाडजूड झाली की येईल. भोपळ्यात बसून."

धाकटी खाली आली आणि म्हणाली, मग आपण थांबू या. झालं. आम्ही थांबलो. बुटासमोर एका कट्ट्यावर सासूबाई बसल्या आणि कोल्ह्यापासून वाघापर्यंत सगळी गोष्ट आवाजासकट झाली. टुणुक टुणुकला तर त्या स्वतः बसल्या जागी उड्या मारतात, गुडघे त्या वेळेपुरते बरे असतात. अर्ध्यात आणखी दोन-तीन पोरं येऊन टेकली. त्यातल्या एकाला मराठी येत नव्हतं. तो प्रत्येक वाक्यानंतर "फिर?" म्हणायचा आणि सासूबाई त्यांच्या सोलापुरी हिंदीत दोन शब्द टाकून पुढं जायच्या. पाऊण तास गेला. साखरपुड्याला उशीर झाला, त्याबद्दल नंतर बोलणी बसली ती वेगळी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. त्या बुटात काही नाही. बटण नाही, लाइट नाही, बोलणारी बाहुली नाही. म्हातारीसुद्धा नाही! आणि घर रिकामं होतं म्हणूनच आमच्या पोरीला विचारावंसं वाटलं, की ती गेली कुठं. हायवेवरच्या त्या पार्कात सगळं खचाखच भरलेलं होतं, पण विचारावं असं काही नव्हतं. गोष्ट आधी पोटात असावी लागते. मग सिमेंटचा बूटही चालतो, दगडही चालतो.

लगेच कोणी म्हणेल, परदेशात बघा. बघितलं की. माझा मावसभाऊ नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला असतो. तो मुलांना घेऊन तिथल्या एफ्टेलिंगला गेला आणि आम्हाला व्हिडिओ पाठवले. तिथं गोष्टींचं जंगलच आहे. तेही १९५२ सालीच उघडलं, आपल्या बुटाचं जुळं भावंड म्हणा. सुरुवातीला दहाच गोष्टी होत्या. झाडीतनं वाट काढत जायचं आणि वळणावर एक एक गोष्ट भेटायची. एकाची मान लांबत लांबत वर जाते, ते बघून आमच्याकडं किंचाळ्या. पण मला सगळ्यात आवडला तो तिथला खादाड गडी. तोंड उघडून बसलेला लठ्ठ पुतळा, कागद द्या कागद द्या म्हणतो, आणि कागद तोंडाशी नेला की सपकन ओढून घेतो, वर आभार मानतो. ती कचराकुंडी आहे! मावसभावाची मुलं त्याला भरवायला म्हणून इतरांचा कचरा गोळा करत फिरत होती. आपल्याकडं बागेबागेत तोंड वासलेले पेंग्विन आणि ससे आहेतच, पोटावर 'मला वापरा' लिहिलेलं. पण बिचाऱ्या पेंग्विनला कोणी गोष्ट दिली नाही. तो का भुकेला आहे, बर्फ सोडून सोलापूरच्या उन्हात का आलाय, कुणी सांगितलंच नाही. मग पोरं त्याच्या तोंडात कागद घालतात तशी डोक्यावरही बसतात.

तर माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईत बूट आहे, सोलापुरात भोपळा होऊ द्या. किल्ल्याजवळच्या बागेत म्हणा, कंबर तलावाच्या काठी म्हणा. चार पोरं आत बसतील आणि एक आज्जी दाराशी बसेल एवढा मोठा. फायबरचा नको, उन्हानं तडकतो, चांगला दगडविटांचा. आणि त्याला भाषा चार द्या, कारण आपलं गाव तसंच आहे. मराठीत भोपळा, कन्नडमध्ये कुंबळकाई, तेलुगूत गुम्मडिकाय, उर्दूत कद्दू. आमच्या गल्लीत एका दारात आज्जी, पुढच्या दारात अव्वा आणि त्यापुढं नानी आहे. रविवारी सकाळी ह्यांच्यातली एक कोणीतरी तिथं बसवा, चहा द्या, हवं तर शेंगाचटणी-भाकरी द्या. डीजेच्या एका दिवसाच्या भाड्यात आज्ज्यांचा वर्षाचा चहा निघेल, असा माझा आपला अंदाज.

गोष्टींचा तुटवडा म्हणाल तर हसू येईल. १२ व्या शतकात सिद्धरामेश्वर नावाच्या एका माणसानं इथं तळं खोदलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, आणि आज त्याच तळ्याच्या पाण्यात त्याचं मंदिर उभं आहे, काठावर किल्ला आहे. परीकथेत ह्याहून वेगळं काय असतं? गेल्या जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, धाकटी बाबाच्या खांद्यावर बसून अक्षता सोहळा बघत होती. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "हर्र बोला हर्र" नं कान भरलेले. तिनं विचारलं, लग्न कुणाचं? बाबा म्हणाला, कुंभाराच्या मुलीचं. तिला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, ते म्हणाले मी बैरागी माणूस, माझ्या योगदंडाशी कर. "मग नवरा काठी आहे?" हो. "बरं," म्हणाली आणि अक्षता टाकल्या. आमच्या ऑफिसात ह्याच कथेवर मागं अर्धा तास वाद चालला होता, अर्थ काय, प्रतीक काय. चार वर्षांच्या मुलीला काठी नवरा असण्यात काडीची अडचण नव्हती. तिची अडचण वेगळीच, काठीला मुंडावळ्या कशा बांधतात.

तसंच मार्कंडेयाच्या गोष्टीचं. शेजारच्या अव्वाकडून माझ्या दोन्ही पोरांनी ती ऐकलीय, यमाचा फास पडतो आणि पोरगं पिंडीला घट्ट मिठी मारतं. नारळी पौर्णिमेला रथ निघतो तेव्हा थोरला तिथं देव बघायला जात नाही, गोष्टीतला मुलगा बघायला जातो. मिरवणुकीत गाडीवर माग चालू असतो, खटखट कापड विणलं जातं, ते बघत तो मागं राहतो आणि दर वर्षी हरवतो. दर वर्षी सापडतो. आता मी घाबरत नाही, माग कुठं आहे तेवढं विचारते.

हे सगळं वर्षातनं दोन-चार दिवस असतं आणि मग मुलं पुन्हा मॉलच्या बॉलपूलमध्ये. बॉलपूलला माझा विरोध नाही, मलाही तिथं बसून चहा प्यायला मिळतो. पण मधले तीनशे साठ दिवस पोरांना गोष्टीत शिरायला एखादं दार असावं की नको?

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं, मोबाईल असताना भोपळ्यात कोण बसणार. असेलही तिचं बरोबर. मी फक्त त्या "फिर?" म्हणणाऱ्या मुलाचं सांगितलं. त्याच्या आईच्या हातात मोबाईल होता, दोनदा पुढं केला, त्यानं बघितलाही नाही. तिसऱ्यांदा आईच जवळ येऊन ऐकायला लागली.

बाकी मुंबई नेहमीसारखीच. साखरपुड्यात जेवण बरं होतं, गर्मी भयंकर. परतीच्या गाडीत सासूबाईंना विचारलं, आत जायचं राहिलं, वाईट वाटलं का. म्हणाल्या, "जिना आहे, खिडकी आहे, समुद्रपण दिसला. पोरी खोटं बोलल्या नव्हत्या." आणि चादर ओढून झोपल्या.

सोलापुरात आल्यावर मंगळवार बाजारातनं मी एक लाल भोपळा आणला, घारग्यांसाठी. तीन आठवडे झाले, ओट्याखाली तसाच पडून आहे. कापायची मनाई आहे. काल सुरी घेऊन खाली वाकले तर धाकटीनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलीय."