दहा दिवसांच्या श्रवणोपचाराचा दावा आणि त्याची न सांगितलेली बाजू

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की पुण्यातील स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा दावा असा: स्वमग्नतेचे मूळ कानात असते. विशिष्ट कंपने गाळलेले संगीत दहा दिवस, रोज दोनदा अर्धा-अर्धा तास हेडफोनवर ऐकवले की मुलाची आवाजाची भीती जाते आणि ते बोलू लागते. ऑस्ट्रेलियात 80 मुलांवर हे सिद्ध झाले आहे. शिवाय संगीतच असल्यामुळे अपायाचा प्रश्न नाही, असे त्यात म्हटलेले असते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो बोलत नाही, आणि हा मजकूर आम्हाला आपुलकीने पाठवणाऱ्या नातेवाइकांच्या हेतूविषयी मला शंका नाही.

मूळ कानात असल्याची कल्पना फ्रान्समधील कानाचे डॉक्टर गी बेरार यांच्या पद्धतीतून आलेली आहे. काही कंपने मुलाला अतिशय तीव्र ऐकू येतात, ती श्रवण-आलेखातून शोधून संगीतातून गाळावीत, असे ते मानत. परंतु तो आलेख काढण्यासाठी आवाज ऐकू येताच मुलाने बटण दाबावे किंवा हात वर करावा लागतो. सूचनाच न समजणाऱ्या मुलाचा असा आलेख विश्वासार्ह कसा मानायचा? बेरा तपासणीत, म्हणजे मुलाच्या प्रतिसादाशिवाय मेंदूकडे जाणारे श्रवण-संकेत मोजणाऱ्या चाचणीत, श्रवण उत्तम निघूनही कुकरच्या शिट्टीला कान झाकणारी मुले आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. अडचण बहुधा ऐकू येण्यात नसून ऐकलेले सहन करण्यात आणि त्याचा अर्थ लावण्यात आहे.

त्या 80 मुलांच्या दाखल्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण तो खोटा नसून अर्धा आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका गटाला गाळलेले संगीत ऐकवले गेले आणि दुसऱ्या गटाला तशाच बैठकांत साधे, न बदललेले संगीत. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि सारखीच दिसली. म्हणजे ज्या गाळणीसाठी पालकांकडून पैसे घेतले जातात, तिचे वेगळे योगदान त्यातून दिसत नाही. वाढते वय, रोज ठरावीक वेळी शांत बसण्याची सवय, आणि उपचार सुरू आहे म्हणून अधिक आशेने पाहणारी आपली नजर, यांतून अशी सुधारणा दिसू शकते. आईबापांनीच प्रश्नावली भरायची असेल, तर हा धोका वाढतोच. या आणि यासारख्या ध्वनी-उपचारांचे सात प्रयोग, एकूण 182 व्यक्तींचे, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात तपासले गेले आणि या उपचाराला आधार देण्याइतका पुरावा मिळाला नाही. बोलण्याच्या अडचणींसाठी हा उपचार वापरू नये, असे उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2013 मध्ये स्पष्टच सांगितले.

अपायाबाबत मी अतिशयोक्ती करणार नाही. त्या प्रयोगांत गंभीर दुष्परिणाम नोंदले गेलेले नाहीत. तरीही ज्या मुलाला ‘आवाज फार मोठा आहे’ असे सांगता येत नाही, त्याच्या कानावर हेडफोन लावून आवाजाची पातळी दुसऱ्याने ठरवायची, हे मला मान्य नाही. शिवाय त्या दहा दिवसांत वाचा-उपचारांच्या बैठका बुडतात, ही हानी कोणी मोजत नाही.

सराव सुरू झाल्यापासून आम्ही मुलाला संध्याकाळ होण्याआधीच आवाज अडवणारे कर्णरक्षक देतो, आणि विसर्जनाच्या दिवशी त्याला मिरवणुकीच्या मार्गापासून दूर, मावशीकडे बाणेरला नेतो. त्याच्या वाचा-उपचारतज्ज्ञ ताईंनी आवाजासाठी एक चित्रकार्ड करून दिले आहे. गेल्या आठवड्यात ताशा घुमू लागल्यावर त्याने रडण्याऐवजी ते कार्ड माझ्या हातात ठेवले, आणि मी उठून खिडकी लावून घेतली.