धारोष्ण दुधाचं कौतुक जरा बेतानं

जनावरांकडून माणसाला होणाऱ्या रोगांवरच्या लेखात लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिसवर) भरपूर आहे, ब्रुसेलोसिसला, म्हणजे गुरांना गाभडवणाऱ्या आणि माणसाला ताप आणणाऱ्या जंतूंच्या रोगाला, मात्र जेमतेम एक ओळ. गावाकडे खरी गोची तिथेच आहे. गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडली (गर्भ पडला) की पडलेलं वासरू आणि वार (गर्भाभोवतीची झिल्ली) लोक उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकतात. जंतू खच्चून भरलेले असतात ते त्यातच! मग माणसाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधेदुखी. आणि टायफॉइड समजून भलतीच औषधं. खरा उपचार निदान ६ आठवड्यांचा, तोही दोन औषधं मिळून. माल्टा बेटावर हा ताप शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्येच कळलं होतं, आपल्याकडे अजून धारोष्ण दूध म्हणजे अमृत! ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना एकदाच लस द्यायची असते, सरकारी कार्यक्रमात ती आहे. गुरांच्या दवाखान्यात विचारून तर बघा.