आग तिथे डाग: चेहरा उजळवणाऱ्या एका संदेशाला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक संदेश फिरून येतो. शीर्षक कधी 'पार्लरचे पैसे वाचवा', कधी 'आजीच्या बटव्यातलं सौंदर्य'. मजकूर जवळजवळ तोच. रोज सकाळी चेहऱ्याला लिंबू-मध चोळा. आठवड्यातून दोनदा खायचा सोडा लावा. पुटकुळीवर टूथपेस्ट, रात्री खोबरेल तेल. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर लावू नका. सनस्क्रीन गोऱ्या लोकांसाठी असतं, आपल्याला नको. तिशीपर्यंत काहीच करू नका, पाणी मात्र भरपूर प्या. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: 'शंभर टक्के नैसर्गिक, कोणत्याही त्वचेला, कोणत्याही वयात चालतं.'

घरगुती उपायांवर माझा राग नाही. ही शेवटची ओळ मात्र खोटी आहे, आणि तिच्यामुळे बाकीचं सगळं धोक्याचं होतं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचा एक स्वभाव संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही: जिथे आग होते, तिथे मागे डाग राहतो. त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जास्त कामाला लागतात. पुटकुळी आठवड्याभरात बसते, पण तिचा काळा ठसा कित्येक महिने हटत नाही. म्हणजे उजळ दिसण्यासाठी केलेला जो उपाय चुणचुणतो, जळजळतो किंवा त्वचा सोलतो, तो आपल्याकडे उलटा पडण्याचीच शक्यता मोठी. संदेशातला एकेक दावा याच कसोटीवर लावून बघू.

'लिंबातल्या क जीवनसत्त्वाने चेहरा उजळतो.' लिंबात क जीवनसत्त्व असतं, पण किती? शंभर ग्रॅम रसात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्क्यापर्यंत. क जीवनसत्त्वाच्या सिरममध्ये ते सहसा १० ते २० टक्के असतं. लिंबाच्या रसात खरं राज्य सायट्रिक ॲसिडचं. रसाचा सामू (पीएच; आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) २ ते २.५ च्या घरात, आणि चेहऱ्याच्या त्वचेचा ५ च्या आसपास. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट. तेव्हा लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पट आंबट. सिरमही आम्ल असतं आणि नाजूक त्वचेला तेही झोंबतं, हे खरं आहे. पण त्यात किती ताकदीचं काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं असतं. लिंबावर काय लिहिलेलं असणार!

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फ्युरोकुमरिन गटातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखी प्रतिक्रिया उमटते. आधी लाली, कधी फोड, आणि मग तपकिरी चट्टे, जे महिनोन्महिने राहतात. आपलं कागदी लिंबू या बाबतीत विशेष बदनाम आहे. सकाळी साल चोळून दहा वाजता उन्हात स्कूटर काढणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही. चट्टे लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतात, त्यामुळे संशय लिंबावर जातच नाही.

सोडा आणि टूथपेस्ट यांवर फार शब्द खर्च करत नाही. सोड्याच्या पाण्याचा सामू ८ च्या वर. त्याने त्वचेचं आम्लधर्मी आवरण बिघडतं, आणि दाणे चोळल्याने खरचटतं ते वेगळंच. अंगाला लावायचा वडीचा साधा साबणही याच कारणाने चेहऱ्याला नको, त्याचा सामू तर बहुधा ९-१० असतो. टूथपेस्टमधला मेंथॉल आणि फेस आणणारी द्रव्यं दातांसाठी ठीक. पुटकुळीवर ती लावली की वरची त्वचा भाजून निघते, पुटकुळी वाळल्यासारखी दिसते आणि मागे मोठा डाग उरतो. पुटकुळीला औषध हवंच असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइड आहे, आणि तेही २.५ टक्क्यांचं पुरतं. १० टक्क्यांचं घेतल्याने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ वाढते.

जाता जाता: टूथपेस्ट आणि बेकिंग सोडा आजीच्या बटव्यात कधी होते? आजी दिवाळीला उटणं लावायची, पण कधी? आधी अंगाला तेल जिरवून, मग त्या तेलावर, वर्षातले मोजके दिवस. तेलकट अंगावर हलक्या हाताने फिरणारं उटणं वेगळं आणि कोरड्या चेहऱ्यावर रोज घासलेलं बेसन वेगळं. आजीचं नाव घेणाऱ्यांनी तिची पद्धतही घ्यावी.

'रात्री खोबरेल तेल, सगळ्यांना.' साठीतल्या कोरड्या हातापायांना खोबरेल उत्तम. त्याच्याबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही, कोकणात तर नाहीच. पण मुरुमांच्या चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवतं. इतकंच काय, डोक्याला चापून लावलेलं तेल कपाळावर उतरलं तरी केसांच्या कडेने बारीक पुळ्यांची रांग उठते. शाळकरी मुलामुलींच्या कपाळावर ती दिसली की आधी फेसवॉश बदलला जातो. तेलाची बाटली मात्र तशीच राहते.

संदेशाच्या नव्या आवृत्तीत एक भर पडली आहे, आणि सगळ्यात घातक तीच आहे. 'मेडिकलमधून अमुक ट्यूब आणा, त्यात व्हिटॅमिन ईची कॅप्सूल आणि कोरफडीचं जेल मिसळा, घरची नाइट क्रीम तयार.' ती ट्यूब बहुतेक वेळा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलेली निघते. म्हणजे स्टिरॉइड. कोरफडीत कालवल्याने त्याचं औषधपण जात नाही. पहिले काही आठवडे चेहरा खरंच तुकतुकीत दिसतो, कारण स्टिरॉइड दाह दाबतं आणि रंगही फिका करतं. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उसळतात, गालावर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन आग आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उचलतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे चेहरे इतके येतात की या अवस्थेला वेगळं नाव पडलं आहे: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. चेहऱ्यावरच्या नायट्याला हेच लावलं तर खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते.

वांगावर स्टिरॉइड, डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन आणि अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन या तिघांचं मिश्रण डॉक्टर देतात हे खरं. या जातीचं सूत्र १९७५ पासून वैद्यकात आहे. पण ते ठरावीक आठवड्यांपुरतं आणि देखरेखीखाली वापरायचं असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मागितली की मिळतात. ज्यांनी अशी ट्यूब काही महिने लावली आहे, त्यांनी ती सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

याच रांगेत बिनलेबलाची 'गोरं करणारी' क्रीम. भारतात अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे; नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. असं असताना अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाल्याचं समोर आलं होतं, आणि केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही २०२३ मध्ये अशाच क्रीमशी जोडलेले मूत्रपिंडाचे रुग्ण आढळले. चार-आठ दिवसांत गोरं करून दाखवणाऱ्या डबीवर निर्मात्याचा पत्ता आणि घटकांची यादी नसेल, तर ती फुकट मिळाली तरी नको.

'तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर नको.' तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाक चकाकतं आहे आणि गाल ताणल्यासारखे वाटत आहेत, असं एकाच चेहऱ्यावर असू शकतं. त्यातून मुरुमांची औषधं त्वचा कोरडी करतात. मुलं ती आठवड्याभरात सोडून देतात ती बहुधा याच सोलण्यामुळे. हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर जोडीला दिलं तर औषध टिकतं, आणि औषध टिकलं तर मुरूम जातात. मुंबईच्या जुलैत तेलकट चेहऱ्याच्या एखाद्या विशीतल्या मुलाने मॉइश्चरायझर गाळलं, तर मात्र मी त्याला टोकणार नाही. हवाच इतकी दमट आहे की एकट्या सनस्क्रीनवर त्याचं भागतं. तोच मुलगा नोकरीला नागपूरला गेला की डिसेंबरात त्याचे गाल फुटतील. तुमची त्वचा कोणत्या प्रकारची हे एकदाच ठरवून चालत नाही. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, काही न लावता तासभर थांबा. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट, फक्त कपाळ-नाकावर आली तर मिश्र, ओढल्यासारखं झालं तर कोरडी. चुणचुणलं किंवा लाल झालं तर नाजूक. ऋतू, गाव किंवा औषध बदललं की हे पुन्हा बघायचं.

'सनस्क्रीन गोऱ्यांसाठी.' हा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो टिकला. मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, संरक्षण देतं. गडद काळ्या त्वचेचं नैसर्गिक कवच मोजलं तेव्हा ते एसपीएफ (सनस्क्रीनवर लिहितात तो संरक्षणाचा आकडा) १३ च्या आसपास भरलं, गोऱ्या त्वचेचं ३ च्या आसपास. आपण कुठेतरी मधे. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्यात कमी आढळतो, तो याचमुळे. पण आपल्या चेहऱ्यावर ऊन वेगळी खूण सोडतं: वांग, आणि पुटकुळ्यांचे आणखी गडद झालेले ठसे. डागांवर हजारोंची क्रीम लावून सनस्क्रीन न लावणाऱ्यांचा सगळा खर्च उन्हात जातो.

त्यातही एक बारकावा आहे. गव्हाळ-सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही रंग वाढवतो, आणि नेहमीचं सनस्क्रीन त्याला अडवत नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांचा असतो. वांग आणि सुरकुत्यांना मोठा हातभार लावणारे यूव्हीए किरण साध्या काचेतून आत येतात, त्यामुळे खिडकीशी बसून काम करणारेही यातून सुटत नाहीत. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. या एका टक्क्यापेक्षा किती लावता याला महत्त्व जास्त. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर दोन रेघा. हरभऱ्याएवढ्या थेंबात आकड्यावर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही.

आणि हे सगळ्यांना परवडत नाही, हेही म्हटलं पाहिजे. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो, तेव्हा रानात खुरपणाऱ्या बाईला दर दोन तासांनी क्रीम लावा म्हणणं ही चेष्टा आहे. तिचा डोक्यावरून ओढलेला पदर, टोपी आणि सावलीतली विश्रांती खूप काम करतात. पुण्यातल्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, त्यांची थट्टा पुष्कळ झाली. घट्ट विणीचं कापड असेल तर त्यांचं बरोबरच आहे.

'तिशीपर्यंत काही नको.' बारा-तेरा वर्षांच्या मुलीने रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते अ जीवनसत्त्वाचं रूप) लावू नये, इतक्यापुरतं मान्य. तिला सौम्य फेसवॉश आणि ऊन टाळणं पुरे. पण सोळाव्या वर्षी दुखणाऱ्या, गाठीसारख्या पुळ्या येत असतील तर 'वयात येतंय, जाईल' म्हणत थांबणं महागात पडतं. डाग फिके होतात, खड्डे सहज भरत नाहीत. पंचविशीनंतर हनुवटी-जबड्याशी मुरूम, सोबत पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर राठ केस असतील, तर क्रीमपेक्षा आधी पीसीओएसची (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी हवी.

रेटिनॉलची वेळ साधारण तिशीच्या आसपास येते, हवं असेल तरच. रात्री, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा सुरुवात. रोज लावून त्वचा सोलली की परत डागांवर येऊन थांबतो. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल तर ते बंद. गरोदरपणात वांग येतं तेव्हाच नेमका कोणीतरी हा संदेश पाठवतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तेव्हा सनस्क्रीन, आणि डॉक्टर म्हणाले तर डागांवरचं ॲझेलेइक ॲसिड.

पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. जन्मभर तेलकट असलेला चेहरा अचानक कोरडा, खाजरा होतो आणि बायका जुनाच कडक फेसवॉश वापरत राहतात. इथे सुगंध नसलेलं जाडसर क्रीम हवं. आणि आयुष्यात पहिल्यांदा उगवलेला, आकार बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ असेल तर कुठलंही क्रीम न लावता डॉक्टर.

राहिलं पाणी. तहान लागेल तेवढं प्या. निरोगी माणसाने वर आणखी दोन लिटर प्यायल्याने कोरडे गाल मऊ होत नाहीत. त्वचेतलं पाणी धरून ठेवतो तो तिचा सगळ्यात बाहेरचा, कागदाहूनही पातळ थर, आणि कढत पाण्याने, साबणाने, सोड्याने आपण बिघडवतो तोही तोच. कोमट पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच क्रीम लावा.